नाव न घेता मारलेली हाक

१

मी होडीवर स्वयंपाक करायची. होडी म्हटलं की मॅनेजर सेंगचं तोंड वाकडं व्हायचं. तो तिला क्रूझ म्हणायचा. नाव काहीही ठेवा, तळाशी इंजिन धूर ओकायचं आणि त्याला लागून माझा भटारखाना. नोम पेनहून निघायचं, मेकाँगच्या उलट्या धारेने वर जायचं, काठावरची जुनी देवळं दाखवायची आणि परत फिरायचं. पाहुणे गोरे, बरेचसे म्हातारे. गाईड विराक त्यांना राजांची नावं सांगायचा, मी नारळाच्या दुधातला मासा खायला घालायची. राजे ते रात्रीपर्यंत विसरत. मासा लक्षात ठेवत.

वरच्या मजल्यावर वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असत. संध्याकाळी तिथे माझी मुलगी मोलिका नाचायची. तिचा गुडघा दुखायला लागला, नाच बंद पडला. मग ती पाहुण्यांना पाणी आणि गार रुमाल द्यायला लागली, आणि सेंग नवीन काहीतरी शोधायला लागला.

"मावशी, तुम्हाला जीव बोलवता येतो ना?" त्याने एकदा विचारलं.

येतो. आजीने शिकवलंय. आमच्यात माणसाच्या अंगात एकच जीव नसतो, एकोणीस असतात. पोर दचकलं, घाबरलं, की त्यातला एखादा सुटतो आणि वाटेतच बसून राहतो. पोर खात नाही, बोलत नाही, वाळत जातं. मग घरातल्या बाईने मासे उपसायची वेताची टोपली घ्यायची, त्यात पोराचा कपडा ठेवायचा, भाताचा गोळा, अंडं, केळं घ्यायचं आणि त्या जागी जाऊन नाव घेऊन हाक मारायची. चल बाळा घरी, रानात ओल आहे, मुंग्या चावतील, आई वाट बघतेय. घरी आणून मनगटाला दोरा बांधला की जीव पुन्हा सुटत नाही.

"ते आजाऱ्यासाठी असतं," मी म्हणाले. "तुमचे पाहुणे तर सकाळी दोन-दोन अंडी चापतात."

"मावशी, एवढ्या लांबून विमानात बसून आलेत," विराक म्हणाला, "एखादा जीव विमानतळावर राहिलाच असेल. सामान राहतं, मग जीव राहणार नाही?"

सगळे हसले. मीही हसले. ते आधी सांगून टाकते.

अडचण नावांची झाली. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात. एकीचं नाव घेतलं तर ती आणि तिचा नवरा हसून हसून वाकले. सेंग म्हणाला, "नावाचं काय घेऊन बसलात? मोघम म्हणा."

मग मी मोघम म्हणायला लागले. जो कोणी असशील तो ये. रानात असशील, पाण्यात असशील, मातीत असशील, ऊठ आणि ये. ही होडी तुझंच घर.

हा कार्यक्रम व्हायचा त्या दिवशी होडी विटांच्या देवळाखाली बांधलेली असे. ते देऊळ नदीकाठच्या टेकाडावर आहे, अंकोरवाटच्याही आधीचं म्हणतात. माझ्या लहानपणी काळ्या कपडेवाल्यांचं राज्य होतं, सगळ्या देशाला शेतावर हाकललं होतं, तेव्हा त्या देवळात धान्य ठेवत, असं गावातले सांगतात. धान्यच ठेवत का, ते कुणी सांगत नाही. माझा आवाज खणखणीत. टेकाडावर आपटून माघारी यायचा. पाहुणे मनगटं पुढे करायचे, मी दोरे बांधायची, टाळ्या पडायच्या.

२

कार्यक्रम झाला की ताटातला भाताचा गोळा मी नदीत सोडायची. एका संध्याकाळी उचलला तर तो हाताला हलका लागला. उलटा करून बघितला. वरून गोल, गुळगुळीत, आणि खालून पोखरलेला. बोटांनी.

उंदीर म्हणावं, तर उंदीर जिथून तोंड लागेल तिथून खातो. दिसू नये म्हणून खालून खाणारा उंदीर मी पाहिलेला नाही.

पुढच्या फेरीला भाताच्या पातेल्यातही तेच. वर भात सपाट, नीट थापलेला. डाव घातला तर तळाशी पोकळी. खरवड नखांनी काढून नेलेली.

मी चिडले. माझ्या भटारखान्यात कुणी मागितलं तर मी दोनदा वाढते, पण चोरून नेलेलं मला खपत नाही. इंजिन सांभाळायला बुन्थानदादा होता. माझ्याहून मोठा, अबोल, इंजिन आणि भटारखाना यांच्यामध्ये नुसती एक फळी. मी काही विचार केला नाही. सगळे जेवायला बसले होते, त्यांच्यासमोर त्याच्या ताटात डाव आपटला.

"वाढू का अजून, का रात्री पातेल्यातून काढून घेणार? भातचोर कुठला."

त्याने ताट खाली ठेवलं. हात पंच्याला पुसले.

"यीम," तो हळूच म्हणाला, "माझ्या भावाला त्याच शब्दावरून नेलं होतं. दुसरी कुठलीही शिवी दे. आईवरून दे. ही नको."

कुणी जेवेना. विराकसुद्धा, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं, तो मान खाली घालून मासा चिवडत बसला.

मला तो शब्द ठाऊक नव्हता असं नाही. माझी आई काळ्या कपडेवाल्यांच्या त्या वर्षांत दिवसभर बांधावर माती वाहायची. तिच्याकडे चौकडीचा क्रमा होता, आमच्याकडे सगळ्यांच्या गळ्यात असतो तसला पंचा. परत यायची तेव्हा त्याच्या टोकाला गाठ असायची आणि गाठीत मूठभर भात. तिचं एक बोट दगडाखाली चेचलेलं, म्हणून गाठ ती दातांनी सोडायची. भात माझ्या तोंडाशी धरून काहीतरी म्हणायची. ते काय म्हणायची हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मोलिकालाही नाही. एके दिवशी ती बांधावरून आलीच नाही. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती.

आणि तोच शब्द मी त्या माणसाच्या ताटावर आपटला होता. मला माफी मागता येत नाही. मी त्याच्या ताटात उरलेला मासा सगळा घातला. तो उठून गेला.

३

त्याच फेरीत, दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे देवळात गेले होते. मोलिका पाण्याच्या बाटल्या आणि रुमाल घेऊन त्यांच्याबरोबर. होडी रिकामी. बुन्थान खाली इंजिनाला तेल घालत होता, माझ्याशी बोलत नव्हता. मी गवती चहा ठेचत होते.

वर खुर्ची करकरली.

वेताच्या खुर्चीत माणूस बसलं की ती कशी करकरते ते मला झोपेतही कळेल. आधी एकदा, टेकताना. मग एकदा, माणूस सैल होतं तेव्हा. मला वाटलं, कुणीतरी म्हातारी उन्हाला कंटाळून परत आली. मग दुसरी खुर्ची वाजली. तिसरी. घाई नाही, ढकलाढकली नाही. एकाचं बसून होईस्तोवर दुसरा थांबतो, तसं. मग सगळं गप्प. झोपलेल्या माणसांची शांतता वेगळी असते. ही वाट बघणाऱ्यांची होती.

मी बत्ता हातात घेऊनच वर गेले.

कुणी नव्हतं. ऊन नुसतं भाजत होतं. खुर्च्या आम्ही नदीकडे तोंड करून ठेवायचो. आता सगळ्या वळलेल्या होत्या, हाक मारताना माझी चटई असते त्या बाजूला.

मी स्वतःला सांगितलं, मोठी बोट गेली असेल, लाटेने सरकल्या. मोठी बोट गेली नव्हती. मग म्हटलं, वारा. वाऱ्याने खुर्ची पडते, यीम, वळून बसत नाही. मी एकीच्या गादीवर हात ठेवला. उन्हात तापलेला कठडा हाताला चटका देत होता आणि गादी गार होती. पहाटे मातीत हात घातला की लागते तशी.

मागून बुन्थान आला होता. खुर्च्यांकडे बघत राहिला.

"दर फेरीला कुणाला बोलावतेस तू?"

"पाहुण्यांना."

"पाहुणे तर समोर बसलेले असतात. समोरच्या माणसाला कुणी टेकाडापर्यंत जाईल एवढी मोठी हाक मारतं?"

"सेंगला आवाज मोठा लागतो."

"नाव तरी घेतेस का कुणाचं?"

मी खुर्च्या फिरवून जागेवर लावल्या. आणि संध्याकाळी पुन्हा चटईवर बसून तीच हाक मारली, कारण टाळ्या पडायच्या, आणि एक बाई रडायची, माझे हात हातात घेऊन. मला ते आवडायला लागलं होतं. स्वयंपाकिणीचे हात कोण धरतं?

४

पुढच्या फेरीला मोलिका देवळातून सगळ्यांच्या आधी परत आली. अनवाणी. चपला वर राहिल्या होत्या. भटारखान्याच्या दारात उभी राहिली आणि उजवं मनगट डाव्या हाताने चोळत म्हणाली, "आई, आत गर्दी आहे."

"असेलच. म्हाताऱ्यांना सावली लागते."

"पाहुणे बाहेर होते. फोटो काढत होते. मी एकटीच आत गेले, गारवा असतो म्हणून." ती मनगट चोळतच होती. "कुणीतरी हात धरला."

"कोण? विराक? त्याला मी..."

"ओढला नाही, आई. नुसता धरला. तू दोरा बांधायला धरतेस ना, तसा. बोटं चाचपून बघत होती, दोरा आहे का."

एवढंच. त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळी ताट पुढे ठेवलं तर ताटाकडे बघत राहिली. हाक मारली तर मान वळेना. माझी मोलिका, जी सेंगला तोंडावर टकल्या म्हणायची, जिच्या फोनला मी शिव्या द्यायची, ती चटईवर अशी बसली, जसं काही कुणी तिला तिथे ठेवून गेलंय आणि न्यायला येणार आहे.

काम्पोंग चामला आमचं घर. सेंगने तिथे उतरवून दिलं, वर म्हणाला, "आराम करू द्या, मावशी, पुढच्या महिन्यात या." डॉक्टरने सलाईन लावलं. अशक्तपणा म्हणाला. दिवस जात राहिले. नारळपाणी तोंडात घातलं तर ओठाच्या कडेने बाहेर यायचं. तिचा बाप थायलंडला कामाला गेला तो तिकडचाच झाला, मला तिच्याशिवाय कुणी नाही. माझ्या मावशीची पोर अशीच वाळली होती आणि पाऊसकाळ संपायच्या आत गेली होती. तिला वेळेवर कुणी हाक मारली नाही.

शेजारीण म्हणाली, "अगं, तू तर हाक मारणारी. गोऱ्यांचे जीव आणतेस, पोरीचा आण की."

टोमणा नव्हता तो. तिने खरंच विचारलं होतं. मला जमिनीत जावंसं वाटलं. चांगली हाक म्हणजे घरातली चांगली कढई. तिच्यात मी गावभरचं डांबर उकळलं होतं.

५

बुन्थान लहान होडी घेऊन आपणहून आला. "चल," म्हणाला. बाकी काही नाही. वाटभर मी माफीचे शब्द तोंडात घोळवले आणि नदीत थुंकले.

दुपार कलली होती. तो देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी थांबला. खालच्या माणसाचं काम एकच. हाक मारणारी परत आली की विचारायचं, आली का? तिने म्हणायचं, आली. तोवर तिने मागे वळून बघायचं नाही आणि टोपलीत बघायचं नाही.

मी टोपलीत मोलिकाचा पिवळा सदरा ठेवला, वर चढले. देवळाच्या दाराशी तिच्या चपला होत्या. नीट जोडीने ठेवलेल्या, तोंडं आतल्या बाजूला. आत मूर्ती कधीचीच नाही, नुसता दगडी चौथरा आणि विटांचा ओला वास. गर्दी वगैरे काही दिसली नाही. पण बाजाराच्या दिवशी भरल्या खोलीत शिरताना आपण अंग चोरतो ना, तसं मी अंग चोरलं. का, ते मला कळलं नाही.

"मोलिका," मी म्हणाले. "मोलिका, चल बाई घरी. इथे ओल आहे. मुंग्या चावतील. तुझ्यासाठी आंबट रस्सा केलाय. चल, आई आलीय."

बरोबर चाललं होतं. आजी म्हणायची तसंच. कोपऱ्यात काहीतरी हललं, हलकं, घाबरट, आणि मला वाटलं, आली, ही तीच. मी टोपली पुढे केली. आणि श्वास घेतला, आणि इतक्या संध्याकाळी ज्या वाटेने जीभ गेली होती त्याच वाटेने ती पुढे गेली.

"जो कोणी असशील तो ये. रानात असशील, पाण्यात असशील, मातीत असशील, ऊठ आणि ये."

मी जीभ चावली. रक्त आलं. पण शब्द सुटले होते. टोपली एकदम जड झाली. दोन्ही हातांनी धरावी लागली.

पायऱ्या उतरताना मागे पायांचा आवाज नव्हता. आवाज असता तर बरं झालं असतं. पाचोळा नुसता दबत होता, माझ्यामागे, रुंद.

खाली बुन्थानने विचारलं, "आली का गं?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी मागून उत्तर आलं.

"आलो."

मोठ्याने नाही. त्या वर्षांत सभेला सगळ्यांना छपराखाली बसवून, आलात का, विचारायचे, आणि सगळ्यांनी मान खाली घालून एकदम म्हणायचं असायचं, तसं. मला वळता येत नव्हतं. बुन्थानला बंधन नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावरून वर पायऱ्यांकडे बघितलं. बघत राहिला. मग डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. त्याचा ओठ हलत होता, कुणाला तरी ओळखल्यासारखा.

"यीम," तो म्हणाला, "होडीत एवढी जागा नाही."

त्याने काय बघितलं ते त्याने सांगितलं नाही. आम्ही दोघं आणि एक टोपली. होडी काठोकाठ पाण्यात बसली होती, वाटभर तो पाणी उपसत होता.

६

मोलिका घराच्या शिडीशी उभी होती. आपल्या पायांवर. मी दोरा काढायच्या आत तिने मनगट पुढे केलं. मी बांधला, घट्ट गाठ मारली. तिने भात मागितला. शेजारणी रडल्या, मीही रडले, कोंबडी कापली. त्या रात्री मला वाटलं, जीभ चुकली तर चुकली, पोर आली.

ती आली, चालते, बोलते. फोनला हात लावत नाही. उकिडवी बसून भात खाते, ताटावर वाकून, एका हाताने ताटाला आडोसा करून. गुडघा दुखत नाही म्हणते. उजव्या हाताचं मधलं बोट मिटत नाही तिचं. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा.

बुन्थान मधे एकदा आला. अंगणात बसून तिच्याकडे बघत राहिला. ती शेण्या थापत होती. माझ्या मुलीने जन्मात शेणाला हात लावला नव्हता.

"ही मोलिका आहे?" त्याने हळूच विचारलं.

"खाते, पिते, झोपते. अजून काय पाहिजे तुला?"

"दोरा काप आणि पुन्हा हाक मार, यीम. या वेळी नुसतं नाव. मी येतो बरोबर."

"उद्या," मी म्हणाले.

तो गेला. परत आला तेव्हाही मी उद्याच म्हणाले. आता येत नाही. होडीवर सेंगने दुसरी बाई ठेवलीय म्हणे, ती पण मोघमच हाक मारते.

मी उद्या का म्हणते, ते सांगते. घरी आणल्यावर थोड्या दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी मी पायरीवर बसले होते. ती मागून आली, शेजारी उकिडवी बसली. गळ्यातल्या क्रम्याचं टोक पुढे ओढलं. टोकाला गाठ होती. ती गाठ तिने दातांनी सोडली. आत भात होता, मूठभर, गार, खरवडीसकट. तिने तो माझ्या तोंडाशी धरला आणि दोन्हीकडे नजर टाकून कुजबुजली,

"लवकर गीळ. चावू नकोस. आवाज होतो."

माझे केस पांढरे झालेत. मी तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती येते. टोपली खिळ्याला आहे, कात्री फडताळात आहे. रोज सकाळी मी कात्री काढते आणि तिचं मनगट बघते. चावू नकोस म्हणणारं माणूस मला चाळीस वर्षांनी भेटलंय, आणि त्याला मी परत त्या ओल्या विटांत कसं पाठवू, असं म्हणून कात्री ठेवून देते. आई म्हणून मी हे करते. कुणाची आई, ते विचारू नका.

वारा वरच्या अंगाने, देवळाकडून आला की नदीवरून हाक येते. आई. लांबून, दमलेली. नदीकाठी कुणाचीही पोर आईला हाक मारते, संध्याकाळी तर मारतेच. मी स्वतःला तसं सांगते. कालही आली. घरात, माझ्या शेजारी बसून ती गाठ सोडत होती. तिचे दात थांबले, तिने मान वर करून नदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय करते ते बघत होती.

मी उठून खिडकीची फळी लावली. परत येऊन बसले आणि तोंड उघडलं.